देव्हाऱ्याशेजारचा मायकल

बाबा गेले तेव्हा मी सातवीत. बालाघाटच्या आमच्या गल्लीतल्या ख्रिस्ती मावशींनी आईला तसबीर आणून दिली. पंखवाला वीर, हाती तलवार, पायाखाली सैतान. "हा मायकल, देवदूतांचा सेनापती. जाणाऱ्या जीवाला सोबत करतो." आजी म्हणाली, "अगं, हा तर आपल्या खंडोबासारखाच की! त्याने मणी-मल्ल मारले, याने हा."

पुढे कळलं, देवदूत मराठीला नवे नाहीतच. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीत रचलेलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. म्हणजे तुकोबांच्या हयातीत!

मायकलचा सण २९ सप्टेंबरला, बहुतेकदा पितृपक्षाच्या आसपास. बाबांचं पान वाढलं की आई त्याच्यापुढेही उदबत्ती लावायची.