नेरे : हवामान

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील गाव. पूर्वेचे माथेरान-प्रबळगडाचे डोंगर आणि जवळून वाहणारी गाढी नदी यांचा इथल्या पावसाळ्यावर मोठा प्रभाव आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास नैर्ऋत्य मोसमी वारे पोचतात. समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडून जुलैत अक्षरशः कोसळतात. राबावर, म्हणजे रोपवाटिकेत, भाताचे रोप तरारले की चिखलणी, मग लावणी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा गाढीच्या पुराने पनवेलचाही मोठा भाग पाण्याखाली गेला.

थंडी नावापुरतीच.

ऑक्टोबरचा उकाडा नकोसा, पण भातकापणीला सोयीचा. अवकाळी सर आली तर कापलेला भात शेतातच भिजतो. उन्हाळ्यात, एवढ्या पावसाच्या मुलखात नवल वाटावे असे, पनवेलला पाणी पुरवणारे देहरंगचे धरण आटते आणि शहरात पाणीकपात सुरू होते.