सुरतेचा मोसम आणि संगणकांची रांग

महाराष्ट्राला सुरत आठवते ती शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे. त्या शहराची संपत्ती मात्र साठली होती वाऱ्याच्या वेळापत्रकावर. तापीचे मुख उथळ. म्हणून मोठी जहाजे सुवालीपाशी नांगर टाकीत, आणि माल होड्यांतून व बैलगाड्यांतून शहरात येई. तांबड्या समुद्रातील मोख्याकडे निघावयाचे ते ईशान्य वाऱ्यावर, परतावयाचे ते नैर्ऋत्य वाऱ्यावर. ज्याचा मोसम हुकला, त्याचे भांडवल पुढील मोसमापर्यंत अडकून पडे. जहाज कितीही उत्तम असो, ते केव्हा सुटते यावर व्यापाऱ्याचे नशीब ठरे.

आजच्या प्रचंड संगणककेंद्रांपुढे हाच प्रश्न आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली ‘सी. डी. सी. ३६००’ हे यंत्र आले, तेव्हा संशोधकांची कामे छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांनी येत व आपली पाळी येण्याची वाट पाहत. पुढे १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्यात अनेक प्रक्रियक एकाच वेळी राबत. अशा यंत्रावर रांगेचे गणित बिकट होते. एखाद्या मोठ्या कामास शेकडो प्रक्रियक एकदम हवे असले, तर तेवढे मोकळे होईपर्यंत आधी मोकळे झालेले स्वस्थ बसून राहतात, आणि मागची लहान कामे विनाकारण तिष्ठतात. लहानांनाच सतत पुढे सोडावे, तर मोठ्याची पाळी कधीच येत नाही.

शिकागोजवळच्या अर्गॉन प्रयोगशाळेतील डेव्हिड लिफ्का यांनी १९९५ साली यावरील एक तोडगा मांडला. मोठ्या कामाची वेळ आधी राखून ठेवावी, आणि तिला धक्का न लावता मधल्या अवधीत जे लहान काम पुरे होईल ते खुशाल पुढे सोडावे. अट एवढीच, की आपल्या कामास किती वेळ लागेल हे प्रत्येकाने अगोदर सांगावे. वेळ कमी सांगितला, तर काम अर्ध्यावर तोडले जाते. फुगवून सांगितला, तर मधल्या अवधीत शिरण्याची संधी जाते. अनेक केंद्रांत याच्या जोडीला प्रत्येकाच्या पूर्वीच्या वापराचाही हिशेब ठेवतात. ज्याने पुष्कळ घेतले, तो थोडा मागे सरतो.

सुरतेच्या व्यापाऱ्याला वाऱ्याकडे दाद मागता येत नसे. यंत्रापुढील रांगेचे नियम मात्र माणसे लिहितात. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या केंद्रात ते नियम सर्वांना ठाऊक असले पाहिजेत. नाहीतर एखाद्या लहान महाविद्यालयातील विद्यार्थ्याचा मोसम दरवर्षी हुकेल, आणि तो का हुकला हेही त्याला कळणार नाही.