शिखराखालचे खांदे
एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत पदयात्रा करावी, विरळ हवेची शरीराला सवय झाली की आयलंड पीक चढावे, असा बेत आज नवखेही आखतात. हे सहा हजार मीटरांहून उंच शिखर १९५३ साली एव्हरेस्टच्या तयारीसाठी प्रथम सर झाले. चार्ल्स इव्हान्स यांच्या तुकडीत तेनसिंग व आणखी सात शेर्पा होते. त्याच मोहिमेच्या शेर्पांची सोय काठमांडूत ब्रिटिश वकिलातीच्या गॅरेजमध्ये केली होती. त्यांनी निषेध नोंदविला. २०१४ साली एव्हरेस्टवर बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार दगावले. सोबत्यांनी त्या हंगामात काम नाकारले. शिखर सोपे म्हणताना आम्ही एवढेच विचारतो: ओझे कोणी वाहिले, दोर कोणी बांधले?