नाथसागरातील मासेमारी : नियमन व अंमलबजावणी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाच्या (पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965, लोकार्पण 24 फेब्रुवारी 1976) नाथसागर जलाशयातील मत्स्यव्यवसाय. सुमारे 350 चौ. किमी. पसरलेले हे पाणी अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगाव, नेवासे तालुक्यांनाही लागते. मासेमार प्रामुख्याने भोई व कहार समाजांतील.

अधिकार : पाणी जलसंपदा विभागाचे. मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने वा परवान्याने देतो. आधार 1960 चा राज्य मत्स्यव्यवसाय अधिनियम. 1986 पासून जलाशय पक्षी अभयारण्य असल्याने वन विभागाचा कायदाही लागू. तीन खाती, दोन जिल्हे; गस्तीची जबाबदारी मात्र ज्याने त्याने दुसऱ्यावर ढकलावी, अशी ही रचना आहे.

जाळी व प्रजननकाळ : कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. पहिला पूर येताच ते वरच्या अंगाला, कायगाव टोका–प्रवरासंगमच्या बाजूला चढतात, आणि नेमके तिथल्या उथळ, गढूळ पाण्यात ते सहज हाती लागतात. संध्याकाळी लावून पहाटे उचललेल्या मोठ्या आसाच्या जाळ्यात कटला कल्ल्यांशी अडकतो, लहान मासा निसटतो. बारीक आसाचे ओढजाळे काहीच सोडत नाही. सरकारने सोडलेली बोटुकलीही त्यातच येते. अशी जाळी काठावर जप्त करता येतात; पाण्यात थर्माकोलच्या तराफ्यावरचा माणूस हद्द ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात गेला की कारवाई थांबते. दोन्ही जिल्ह्यांचे संयुक्त पथक हा यावरचा साधा उपाय होय.

ठेकाधोरण : 2017 व 2019 च्या शासननिर्णयांनी बदलले. वाद झाला तो मुख्यतः दर व निविदेवरून.

पाणीपातळी : एकूण साठा 2,909 दलघमी, उपयुक्त 2,171. उन्हाळ्यात मासे मृतसाठ्यात एकवटतात व उपसा वाढतो. समन्यायी पाणीवाटपाची चर्चा मात्र पिणे, सिंचन व उद्योग यांभोवतीच फिरते.

विक्री : पैठण व संभाजीनगर.

अलीकडील घडामोडी : या जलाशयावरील तरंगत्या सौरप्रकल्पाला कहार समाज पंच समितीने दिलेले आव्हान राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2024 मध्ये फेटाळले, मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. त्याआधी एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला होता. त्यातून वीजदर, कर्ज व विम्याच्या सवलतींचा मार्ग खुला झाला. जाळ्याच्या आसाचा प्रश्न त्या निर्णयाच्या कक्षेत येत नाही.