नदीकाठची वृक्षकुटी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वृक्षावरील निवासाची परंपरा प्राचीन आहे. रोमन सम्राट कॅलिगुला याने वृक्षाच्या फांद्यांवर १५ पाहुण्यांची मेजवानी केल्याचे थोरल्या प्लिनीने नमूद केले आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने पिकाच्या राखणीसाठी माळा बांधला. पहिली रचना विलासातून, तर दुसरी गरजेतून निर्माण झाली. शहरी नदीकाठी वृक्षकुटी उभारताना ही दुसरी परंपराच मार्गदर्शक ठरते. दि. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला धरणे फुटून मुठेच्या पुराने पुण्यातील काठावरची वस्ती उद्ध्वस्त केली. म्हणूनच अशा कुटीचा आराखडा पूररेषेपासून सुरू व्हावा. तिचा भार खोडाऐवजी स्वतंत्र खांबांवर असावा, पायाने मुळांना इजा होऊ नये आणि जमीन पूरपातळीच्या वर राहावी. माळ्यावरील राखणदाराची नजर पिकावर असे. रचनाकाराची नजर पाण्यावर असणे अगत्याचे आहे.