काडतुसाच्या तळाचे छिद्र

उडालेली काडतुसे घराच्या कोपऱ्यात पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत रुजला, तसा तो युरोपात रुजला नाही. याचे कारण अमेरिकनांच्या शस्त्रप्रेमात शोधण्यात येते. ते सर्वस्वी चूक नव्हे. परंतु अभ्यासकाने पितळी पुंगळीच्या तळाकडेही पाहावयास हवे.

१८६६ मध्ये वुलिच येथील शस्त्रागारातील एडवर्ड बॉक्सर व अमेरिकन हायरम बर्डॅन यांनी दोन भिन्न रचनांची एकस्वे घेतली. बॉक्सरच्या रचनेत ऐरण स्फोटक टोपीबरोबरच येते, म्हणून पुंगळीच्या तळाला मध्यभागी एकच छिद्र पुरते. आतून सळई ठोकली की जळकी टोपी बाहेर पडते. बर्डॅनची ऐरण पुंगळीतच घडविलेली असून छिद्रे तिच्या बाजूंना असतात. तेथे सळईचे काही चालत नाही. मौज अशी की, पुढे इंग्रजाची रचना अमेरिकेत स्थिरावली आणि अमेरिकनाची युरोपात!

१८७० च्या दशकातील बायसनचे शिकारी तळावरच शिसे वितळवून काडतुसे भरीत, आणि त्यांच्याजवळच्या पुष्कळ पुंगळ्या बर्डॅन पद्धतीच्या होत्या. पोटाचा प्रश्न असला म्हणजे माणूस छिद्राची अडचण मानीत नाही. छंदाची गोष्ट निराळी. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी 'आयडिअल' कंपनी स्थापिली. तिच्या सांडशीवजा हत्याराने जळकी टोपी काढणे, नवी बसविणे व गोळी दाबणे ही कामे हातातल्या हातात होत. काही नमुन्यांना गोळीचा साचाही जोडलेला असे. जड मेज ठेवण्यास जागा नसलेल्या खोलीत हा उद्योग शिरला तो या सांडशीच्या रूपाने.