डीमार्क आणि मेलिंग लिस्ट

डीमार्क ही ईमेलच्या प्रेषकाची ओळख पडताळणारी आणि पडताळणीत न टिकलेल्या संदेशाचे काय करावे हे सांगणारी पद्धती आहे. बनावट पत्त्यांद्वारे होणारी फसवणूक रोखण्यासाठी ती २०१२ मध्ये जाहीर झाली व मार्च २०१५ मध्ये आरएफसी ७४८९ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. एका पत्त्यावर आलेला संदेश सर्व सभासदांना पाठवणाऱ्या मेलिंग लिस्टशी मात्र तिचा मेळ बसत नाही, आणि त्यामुळे खऱ्या लेखकाचे संदेशही नाकारले जातात.

पडताळणीचे स्वरूप

एसपीएफ या पद्धतीत डोमेनचा मालक आपल्या वतीने संदेश पाठवण्यास मुभा असलेले सर्व्हर डीएनएस नोंदीत जाहीर करतो. डीकिममध्ये संदेशावर डिजिटल स्वाक्षरी केली जाते. डीमार्कसाठी यांपैकी एक तरी पडताळणी यशस्वी व्हावी लागते. शिवाय तिच्यातील डोमेन वाचकाला दिसणाऱ्या प्रेषकाच्या डोमेनशी जुळावे लागते. तसे न झाल्यास संदेश स्वीकारावा, संशयितांत टाकावा की नाकारावा, हे डोमेनचा मालक सुचवतो.

मेलिंग लिस्टवरील परिणाम

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित असलेल्या लायगो-इंडिया वेधशाळेच्या उभारणीत पुणे, इंदूर, गांधीनगर व मुंबई येथील संस्था सहभागी आहेत. अशा विखुरलेल्या सहकाऱ्यांसाठी मेलिंग लिस्ट सोयीची असते. समजा, पुण्यातील एका सभासदाच्या डोमेनचे धोरण ‘नाकारा’ असे आहे. त्याचा संदेश इंदूरला पोहोचतो तो लिस्टच्या सर्व्हरवरून. म्हणून एसपीएफ पडताळणी लिस्टच्या डोमेनसाठी होते, लेखकाच्या नव्हे. लिस्टने विषयाआधी आपले नाव किंवा मजकुराखाली तळटीप जोडली असेल, तर डीकिम स्वाक्षरीही सहसा मोडते. दोन्ही आधार गेल्याने संदेश परत फिरतो.

याची झळ लेखकापेक्षा इतरांना अधिक बसते. संदेश वारंवार परत येऊ लागले की मेलमनसारखी आज्ञावली संबंधित सभासदाचा पत्ता बंद पडला असे मानून त्याचे वितरण थांबवते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आणि त्याच महिन्यात एओएलने ‘नाकारा’ हे धोरण लागू केले, तेव्हा नेमके हेच घडले: याहूवरून कुणी लिहिले आणि जीमेलवरील निर्दोष सभासद लिस्टमधून बाहेर पडले. चोरलेल्या पत्तेवह्यांच्या आधारे येणाऱ्या बनावट संदेशांना आळा घालणे हा या कंपन्यांचा हेतू होता. पण मूळचे व्यावसायिक संदेशांसाठी योजलेले धोरण त्यांनी सामान्य वापरकर्त्यांच्या पत्त्यांना लावले.

उपाय

सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे प्रेषकाच्या जागी लिस्टचाच पत्ता घालणे. संदेश पोहोचतो, पण लेखकाचा पत्ता झाकला जातो आणि खासगी उत्तर चुकून सर्वांकडे जाण्याचा धोका वाढतो. संदेशात काहीच बदल न करणे हा अधिक स्वच्छ मार्ग आहे. स्वाक्षरी शाबूत राहते, मात्र तळटीप सोडावी लागते. जुलै २०१९ मधील आरएफसी ८६१७ ने आर्क ही प्रायोगिक पद्धती मांडली. तीत मूळ पडताळणीचा निकाल मध्यस्थ सर्व्हर स्वतःच्या स्वाक्षरीसह पुढे पाठवतो. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे प्राप्तकर्ता सर्व्हर ठरवतो.

जीमेलच्या खात्यांवर दररोज ५,००० हून अधिक संदेश पाठवणाऱ्या डोमेनांना गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून डीमार्क नोंद बंधनकारक केली. ‘काही करू नका’ हे धोरणही त्यासाठी पुरेसे असते.